बटणांच्या डबीतली नारिंगी गोळी

सूनबाईच्या लघवीत नशेचं औषध सापडलंय, असं ज्या बाईनं मला येऊन सांगितलं तिचा मी तिथल्या तिथे असा पाणउतारा केला की शेजारच्या खाटेवरची बाळंतीण उठून बसली. ती बाई मात्र ढिम्म हलली नाही. छातीशी निळी फाइल धरून ती माझं संपायची वाट बघत उभी राहिली.

"तुम्ही यांच्या कोण?"

"सासू."

"मग आवाज खाली घ्या, सासूबाई. इथे आजारी माणसं आहेत."

दवाखान्यात आई आणि बाळ यांच्या भल्याबुऱ्याकडे बघायला म्हणून ही बाई नेमलेली. तिचं काय ते नाव गळ्यातल्या पट्टीवर होतं, पण मी वाचलं नाही. मी तिला फाइलवाली म्हणायचं ठरवून टाकलं. रागावले की मी माणसांना नावं ठेवते, ही माझी जुनी खोड आहे.

झालं होतं ते असं. सूनबाईला नववा लागलेला. दोन दिवस पाय सुजले होते, त्या दिवशी सकाळी डोकंही ठणकायला लागलं, म्हणून आम्ही तिला दवाखान्यात घेऊन आलो. रक्तदाब वर गेला होता, त्यांनी ठेवून घेतलं. भरती करताना लांबलचक कागद भरावा लागतो. त्यात एक रकाना होता, घरात कुणाला नशेचं व्यसन होतं का? आमची सूनबाई सरळ. तिनं लिहिलं, होतं, सख्ख्या भावाला, तो गेला. त्या रकान्यात "हो" आलं की लघवीची एक जास्तीची तपासणी करतात, आईची परवानगी घेऊन. तिनं सही करून टाकली. लपवायचं काय होतं?

आणि तासाभरात निकाल आला. ॲम्फेटामाइन. झोप उडवणारी, अंगात भलतीच तरतरी आणणारी नशा. फाइलवालीनं मला ते नाव दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मला ते तिच्या तोंडावर फेकून मारावंसं वाटलं.

"ही झटपट तपासणी आहे," ती म्हणाली. "पक्की तपासणी मोठ्या यंत्रावर होते. तिला तीन दिवस लागतात."

"आणि तोवर?"

"तोवर बाळ जन्मलं तर ते नर्सरीत राहील. आईजवळ देता येणार नाही, अंगावर पाजताही येणार नाही. पक्की तपासणीही तशीच आली तर घरी कुणाकडे सोपवायचं ते ठरवावं लागेल. नियम आहे."

सूनबाई उशीला टेकून बसली होती. माझी सून उंच, आडव्या हाडाची. शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवते, गोठवलेल्या भाज्यांच्या चवडी छतापर्यंत रचते. आठव्या महिन्यात तिला टेबलावरचं काम दिलं तर ही तिथे बसून कंटाळली. एरवी कुणाच्या बापाला न भिणारी पोर त्या वेळी पांढरीफटक पडली होती. ती फाइलवालीकडे बघून एकदाच म्हणाली, "मी काही घेतलेलं नाही."

मी म्हटलं, अगं बोल की. भांड. पुन्हा सांग.

"आई, माझा भाऊ हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायचा," ती म्हणाली. "मी एकदाच म्हणणार."

आमचे चिरंजीव संध्याकाळी कामावरून थेट आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे माणसं अडकलेली बघायची त्यांना सवय आहे. त्यानं बायकोचा हात धरला आणि मला व्हरांड्यात घेऊन आला.

"आई, ती घेणार नाही."

"मी कुठे म्हणतेय घेते म्हणून?"

"तुझं तोंड म्हणतंय."

पोरानं बरोबर ओळखलं होतं. मी तोंडानं सुनेसाठी भांडत होते, पण आत कुठेतरी एक किडा वळवळायला लागला होता. मी संशयी बाई आहे, खोटं कशाला बोलू? गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कापड बेतलं. चाळीस थर एकावर एक ठेवायचे आणि एकदाच कात्री चालवायची. वरचा थर अर्धा बोट सरकला की चाळीस बाह्या वाया. तिथे माणसावर विश्वास ठेवून चालत नाही, पट्टी लावून बघावं लागतं. यंत्र म्हणतंय सापडलं. यंत्राचं आणि सुनेचं काय वाकडं? भाऊ तसला होता. रात्रपाळीत जागायला लागतं. असले विचार येत होते आणि ते येतायत म्हणून माझी मलाच किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव दवाखान्यात गेले आणि मी त्या दोघांच्या खोलीत शिरले. लग्नाला चार वर्षं झाली, मी त्या कपाटाला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. साड्या, शर्ट, कामाचे जाड मोजे, हिवाळी कोट, कोटाचे खिसे, बुटांच्या आत, पर्सचं अस्तर, सगळं. शिवणकामातली बाई अस्तरात हात घालते तेव्हा काही सुटत नाही. सापडलं काय, तर लिमलेटच्या गोळ्यांचे कागद, भावाचा एक जुना फोटो आणि एका वहीत बाळासाठी काढलेली नावांची यादी. यादीत माझ्या आईचंही नाव होतं. मी खाली फरशीवरच बसले आणि रडले. रडून झाल्यावर सगळं परत घड्या घालून ठेवलं.

पण मग ते आलं कुठून?

स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर माझी बटणांची डबी. प्लास्टिकची, बारा खणांची. त्यात मी सूनबाईच्या गोळ्या भरायचे. औषधांच्या त्या चंदेरी पट्ट्या घरभर पडलेल्या मला बघवत नाहीत. अर्धी फोडलेली इथे, एक उरलेली तिथे. म्हणून महिन्याच्या गोळ्या आणल्या की मी सगळ्या एका बैठकीत फोडून डबीत लावायचे. लोहाच्या एका खणात, कॅल्शियमच्या दुसऱ्यात, आणि रक्तदाबाच्या त्या फिकट नारिंगी तिसऱ्यात. रिकाम्या पट्ट्या कचऱ्यात. सकाळ-संध्याकाळ सुनेच्या तळहातावर मीच ठेवायचे, ती न बघता गिळायची. शेजारणींत मी या डबीची केवढी फुशारकी मारली होती.

भरती करताना सिस्टरनं विचारलं होतं, रक्तदाबाची गोळी कोणती? सूनबाई म्हणाली, नारिंगी, गोल, आई देतात. नाव? माहीत नाही. ती गोळी तिला शीतगृहाच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी सुरू केली होती, या दवाखान्याच्या कागदांत ती नव्हतीच. सिस्टर मला म्हणाली, पट्टी आणा. मी तोऱ्यात सांगितलं, पट्ट्या आमच्याकडे राहत नाहीत. तिनं लिहून टाकलं, नाव माहीत नाही, आणि विषय तिथेच संपला.

आता त्या डबीसमोर उभी राहिले आणि तिसरा खण उघडून बघितला. तिच्या पोटात दोन महिने जे काय गेलं ते माझ्या हातून गेलं होतं. भलतंच काही गेलं असेल तर तेही माझ्याच हातून. डबी पिशवीत टाकली आणि तशीच चपला सरकवून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले.

औषधवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. त्यानं डबीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, या गोळ्या आहेत का बटणं?"

"गोळ्या आहेत."

"हे बटण आहे." त्यानं लोहाच्या खणातून शर्टाचं एक बटण काढून काउंटरवर ठेवलं.

"ते चुकून पडलं असेल. तुम्ही एवढंच सांगा, यात नशेचं काही आहे का? खरं सांगा. मी बसूनच ऐकते."

माझा चेहरा बघून त्याची थट्टा थांबली. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नारिंगी गोळी उचलून उजेडात धरली, तिच्यावरचे आकडे वाचले, मग आपली नोंदवही काढली. शीतगृहाच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यानंच भरली होती.

"लॅबेटालॉल," तो म्हणाला. "रक्तदाबाची गोळी आहे. नशाबिशा काही नाही. गरोदर बायकांना हीच देतात, नेहमीची आहे." आणि मग तो एकदम थांबला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कोणती नशा म्हणालात?"

मी नाव सांगितलं. कालपासून ते माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं.

"मावशी, अहो, या गोळीचं असं होतं! शरीरात ही फुटली की जे तुकडे लघवीत उतरतात ते त्या नशेच्या द्रव्यासारखे दिसतात. झटपट तपासणी फसते. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, पण होतं. मोठ्या यंत्रावर फसत नाही."

मी त्याला म्हटलं, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, अजून एकदा. तिसऱ्यांदा त्यानं मला आधी पाणी दिलं.

"हे खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं," तो म्हणाला. "मी नाव लिहून देतो, दवाखान्यात फोनही लावतो. पण तुम्ही तो कागद घेऊन जा. तुमचं-माझं तोंडी कोण ऐकणार? माझ्याकडचा साठा कालच संपला, पण तुमच्या घरी दोन खोकी गेलीयत. त्यातला कागद ठेवलाय ना?"

पट्ट्या मी फेकल्या होत्या. खोकी फेकली होती. पण कागद? तो लांबरुंद, पातळ, घडी उलगडता उलगडता संपत नाही असा कागद? असला कागद मी फेकीन होय! बेतायला त्याच्यासारखा कागद मिळत नाही. कापडावर ठेवला की सरकत नाही, टाचणी टोचली तरी फाटत नाही. त्या दोन्ही कागदांतून मी बाळाच्या कपड्यांचे बेत, म्हणजे कापड कापायचे कागदी नमुने, कापले होते.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. शिवणयंत्राच्या खणातून बेतांचं पुडकं काढलं आणि टेबलावर पसरलं. एका कागदाची टोपी झाली होती आणि पाठ. दुसऱ्याच्या दोन बाह्या आणि पुढचा भाग. अक्षरं मुंगीएवढी. भिंग घेऊन बसले. टोपीच्या कडेला सापडलं: "लघवीच्या नशातपासणीत ॲम्फेटामाइन असल्याचा चुकीचा" आणि तिथेच कात्रीनं वळण घेतलं होतं. कपाळाचं वळण. इतकं सुबक वळण मी आयुष्यात कापलं नसेल, आणि त्या वेळी मला माझे हात तोडून टाकावेसे वाटले. मग सुचलं, दोन्ही कागद सारखेच, पण कापले वेगवेगळ्या जागी. टोपीवर जे अर्धं राहिलं ते दुसऱ्या कागदावर कुठेतरी पुरं असणार. डावी बाही. नाही. उजवी बाही. तिच्या काखेजवळ अख्खं वाक्य होतं: चुकीचा निकाल येऊ शकतो, अशा वेळी अधिक नेमक्या पद्धतीनं खात्री करून घ्यावी.

मी टोपी आणि बाही एकमेकांना टाचणीनं जोडली आणि निघाले.

दवाखान्यात पोचले तर चिरंजीव व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे. "मुलगी झाली," तो म्हणाला. "सकाळीच कळा लागल्या. होऊन तासभर झाला. दोघी बऱ्या आहेत." असं म्हणून तो रडायला लागला. एरवी पोरगी झाली म्हणून आनंदानं रडणाऱ्या बापाला मी लाडानं रडू दिलं असतं. पण तो आनंदानं रडत नव्हता. बाळाला सुनेच्या डोळ्यांसमोरून उचलून नर्सरीत नेलं होतं. तिनं हात पुढे केले होते, सिस्टरनं मान फिरवली होती.

फाइलवाली डॉक्टरीणबाईंबरोबर टेबलाशी बसली होती. मी पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. औषधवाल्याची चिठ्ठी वर, खाली टोपी आणि बाही.

"हे काय आहे, आजी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं अगदी पोरसवदा.

"टोपी आहे. काठाकाठानं वाचा. मग बाहीवर या."

त्या वाचायला लागल्या. कागद फिरवत फिरवत वाचावा लागत होता. चिठ्ठीवरचं नाव बघितलं आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. "लॅबेटालॉल! दोन महिने चालू होती? मग कागदावर का नाही? हे नाव असतं तर मला कालच कळलं असतं!"

"पट्ट्या मी फेकल्या," मी म्हटलं. "नाव तिला माहीत नव्हतं कारण मी गोळ्या बटणांच्या डबीत भरते. चूक तिची नाही, तिच्या डॉक्टरांची नाही, माझी आहे. काय शिक्षा करायची ती मला करा, पण पोरीचं बाळ पोरीला द्या."

एवढं बोलून माझा आवाज गेला. कालपासून इतकी भांडले होते आणि नेमका आता गेला.

फाइलवालीनं कागद आपल्याकडे ओढला. तिनं ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, मग टाचणी काढून दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून ओळी जुळतात का ते बघितलं. मी बघत राहिले. मीही नेमकं तेच केलं असतं. वरचा थर सरकलाय का ते बघितल्याशिवाय मीही कात्री चालवली नसती. तिच्यावरचा माझा राग तिथेच ओसरला.

"पक्का निकाल येईपर्यंत कागदावर हे पॉझिटिव्हच राहील," ती म्हणाली. "ते मला बदलता येत नाही." मग तिनं डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "पण बाळ आईजवळ ठेवायला माझी हरकत नाही. सिस्टर खोलीत असतील. आणि प्रयोगशाळेला मी फोन करते, हा नमुना आधी लावा म्हणून."

"आणि पाजणं?"

"पाजू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या गोळीनं अडत नाही."

सिस्टर बाळाला घेऊन आली तेव्हा मी दारातच उभी होते, आत गेले नाही. सूनबाईनं आधी सिस्टरच्या तोंडाकडे बघितलं, खरंच देताय का असं. मग छतापर्यंत चवडी रचणारे ते दोन्ही हात पुढे केले. बाळ छातीशी लागल्यावर तिनं डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं कालपासूनचा तिनं तो धरूनच ठेवला होता. मला इतकं हलकं वाटलं की भिंत धरावी लागली. चिरंजीव म्हणाले, आई, बस. मी म्हटलं, तूच बस, पडशील.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइलवाली आली. पक्का निकाल आला होता. काहीही नाही. नशेचा मागमूस नाही, फक्त रक्तदाबाची गोळी. तिनं निळी फाइल उघडली, सूनबाईसमोर पहिल्या निकालावर आडवी रेघ मारली, खाली कारण लिहिलं, सही केली. "तुम्हाला त्रास झाला," ती सूनबाईला म्हणाली. "भावाचं तुम्ही खरं लिहिलंत म्हणून झाला. तरी पुढच्या वेळीही खरंच लिहा." मग माझ्याकडे वळली. "आणि आजी, गोळ्या पट्टीतच ठेवा."

"बटणंसुद्धा पट्टीत ठेवीन," मी म्हटलं. ती पहिल्यांदाच हसली.

ती गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. चिरंजीव जेवण आणायला गेले होते. बाळ पिऊन झोपलं होतं. सगळं निस्तरलं होतं, मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण मला बसवेना.

"मी तुझं कपाट धुंडाळलं," मी म्हटलं. "काल सकाळी. खिसे, अस्तर, सगळं. माझा तुझ्यावर विश्वास राहिला नव्हता."

तिनं बाळाचं दुपटं हनुवटीखाली सारखं केलं. मला वाटलं, झालं, चार वर्षांत जे जमलं होतं ते मी एका सकाळीत उसवलं.

"आमच्या घरी भावाचं कपाट कुणी उघडलं नाही," ती म्हणाली. "आई म्हणायची, माझा लेक आहे, मी त्याच्या वस्तूंना हात लावणार नाही. मला शंका होती. मीही नाही लावला." मग तिनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज धड होता. "हिचं कपाट उघडायची वेळ आलीच कधी, तर मला जमेल की नाही माहीत नाही, आई. तुम्ही उघडा."

मी नुसती मान हलवली, दोनदा, तीनदा.

तेवढ्यात चिरंजीव डबा घेऊन आले. सूनबाईनं डब्याकडे बघितलं, मग बाळाला छातीवरून अलगद उचललं. काल ज्याच्यासाठी तिनं रिकामे हात पुढे केले होते ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं आणि मानेखालचा माझा हात नीट सरकवला.

"धरा जरा," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."